घुणाक्षर

टिंबर मार्केटात ढमढेऱ्यांच्या वखारीवर
माझी खोली. भाडं अठराशे,
आणि सकाळी नऊला सुरू होणारी करवत फुकट.
सागाचा भुसा फटीतून वर येतो,
ओल्या रंगावर बसतो.
पहिली दोन वर्षं मी चिमट्यानं कण उचलायचे.
आता म्हणते, बस बाबा, कुठं बसायचं तिथं.

एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली.
इंटरमिजिएटच्या पोरांना सांगायचे,
घडा दोन्ही अंगांनी सारखा आला पाहिजे.
निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी
घडा सोडला.

तेव्हापासून प्लायचे तुकडे.
ढमढेरे जळणाच्या भावानं देतात.
मी मागे तारीख टाकते आणि आकडा.
काल चारशे बारा झाल्या.
त्यातल्या चारशे वाया, हा विनय नाही,
मोजून सांगतेय. कुठं चिखल, कुठं घाई,
कुठं नुसता हट्ट, वर वार्निश लावलेला.

दोनशे पाचवर मांजरानं टर्पेंटाइन सांडलं.
निळा जिथं पळाला
तिथं माझा हात कधीच गेला नसता.
पुढच्या पस्तीस फळ्या त्या निळ्यामागं.
शेवटी आयुष्यात पहिल्यांदा सुका बोंबील विकत आणला
आणि बाटलीशेजारी ठेवला.
मांजरानं बोंबील खाल्ला.
बाटली उभी.

प्रदर्शनात एक गृहस्थ फार वेळ थांबले.
“हे तुम्ही ठरवून केलंत, की झालं?”
ठरवून, मी म्हणाले.
रात्रभर डोळा लागला नाही.
झालं म्हणाले असते
तरी लागला नसता.

वडील संस्कृतचे मास्तर. माझं गणित
चुकून बरोबर आलं, की हसायचे: घुणाक्षर!
लाकूड खाता खाता किड्याकडून अक्षर उमटतं,
त्यात किड्याची विद्या ती काय?
मी गप्प बसायचे.
आता रोज किडकं लाकूड बघते.
वेलांट्या पुष्कळ. काने एक-दोन.
अख्खा ‘अ’ अजून दिसलेला नाही.
वडिलांनी फक्त अक्षर पाहिलं होतं,
किड्याची भूक
त्यांच्या हिशेबात नव्हती.

गेल्या गुरुवारी भाडं द्यायला खाली गेले,
तर वजनकाट्यामागं, ओल आलेल्या भिंतीला
एक फळी टेकवलेली.
राखाडी. डावीकडून गेरू आत शिरतो
आणि पोचायच्या आधी थांबतो,
मधे एक जागा रिकामी,
कुणी आत्ता उठून गेल्यासारखी.
खालून ओल चढलेली, तिची कड
अशी, की मला धीर झाला नसता.
उलटून पाहिली. एकसष्ट.
माझं अक्षर.
मीच जिन्यावरून खाली टाकलेली,
“घ्या, चुलीला होईल” म्हणत.

तेव्हा ती अशी नव्हतीच कदाचित.
किंवा होती, आणि मी एकसष्टाव्या फळीइतकीच
बघायला शिकले होते.
हे कोण ठरवणार? ओलीला विचारू?

“ढमढेरे, ही मी वर नेते.”
“ती नका हलवू बाई. ती लावल्यापासून
पोती भिजत नाहीत.
दुसरी कुठलीबी न्या.”

वाद घालणार होते. मग त्यांनी पावतीवर
माझं नाव लिहिलं, नेहमीसारखं चुकीचं,
कुमुदिनीच्या जागी कौमुदिनी,
आणि मला ते, काय सांगू, बरं दिसलं.

वर आले. चारशे तेरा भिंतीला लावली.
खाली करवतीनं सूर धरला.
भुसा अजून उन्हात तरंगत होता,
खाली यायची त्याला घाई नव्हती.
खिडकीत मांजर.
मी बाटलीचं बूच
काढून ठेवलं.